पदवीविना विदुषी : केंब्रिजमधील स्त्रिया आणि पालि विद्या

विनयपिटकाचे अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आज ना उद्या ‘बुक ऑफ द डिसिप्लिन’ हे सहा खंडांचे इंग्रजी भाषांतर येतेच. १९३८ ते १९६६ या काळात हे खंड प्रसिद्ध झाले. त्यांवर भाषांतरकाराचे नाव ‘आय. बी. हॉर्नर’ असे छापलेले आहे. नुसत्या आद्याक्षरांमुळे हे नाव एखाद्या इंग्रज पुरुषाचे असावे, अशी विद्यार्थिदशेत आमचीही समजूत होती. वस्तुतः या विदुषीचे पूर्ण नाव आयझलीन ब्ल्यू हॉर्नर. जन्म १८९६, निधन १९८१. ज्या केंब्रिज विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतले, त्या विद्यापीठाने त्या काळी स्त्रियांना सभासदत्वच दिलेले नव्हते. हा इतिहास आमच्या वाचकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. कारण त्यातून उपस्थित होणारा प्रश्न चुल्लवग्गातही आहे आणि आपल्या विहारांतही आहे.

परीक्षा दिली, पदवी नाही

केंब्रिजच्या परिसरात स्त्रियांसाठी गर्टन हे महाविद्यालय १८६९ मध्ये आणि न्यूनहॅम हे १८७१ मध्ये सुरू झाले. १८८१ पासून स्त्रियांना विद्यापीठाच्या ‘ट्रायपॉस’ या सन्मान परीक्षांना अधिकृतपणे बसता येऊ लागले. निकालही जाहीर होई. परंतु पदवी मिळत नसे. स्त्रियांची बौद्धिक कुवत कमी असते, हे त्यामागचे एक नेहमीचे समर्थन होते. १८९० मध्ये न्यूनहॅमच्या फिलिपा फॉसेट यांनी गणिताच्या परीक्षेत प्रथम क्रमांकाच्या पुरुषापेक्षाही वरचे स्थान मिळविले. त्यामुळे कुवतीचा प्रश्न तरी निकालात निघावयास हवा होता. तो निघाला, पदवीचा मात्र निघाला नाही.

१८९७ मध्ये स्त्रियांना पदवी देण्याचा प्रस्ताव मतास टाकण्यात आला. सुमारे १७०० मते विरोधात आणि सुमारे ६६० बाजूने पडली. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी सायकलवर बसलेल्या स्त्रीचा पुतळा भर रस्त्यावर टांगून जल्लोष केला. १९२१ मध्ये प्रस्ताव पुन्हा फेटाळला गेला, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांच्या जमावाने न्यूनहॅमच्या स्मारक-द्वाराची मोडतोड केली. तडजोड म्हणून स्त्रियांना केवळ नावापुरती पदवी देण्याचे ठरले. म्हणजे पदवीचे नाव लावता येईल. परंतु सिनेटमध्ये स्थान नाही, मत नाही, विद्यापीठाच्या कारभारात आवाज नाही.

याच १९२१ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी संपादन केली. त्या लंडन विद्यापीठाने १८७८ मध्येच आपल्या पदव्या स्त्रियांना खुल्या केल्या होत्या. आपल्याकडील मुंबई विद्यापीठानेही १८८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या कॉर्नेलिया सोराबजी यांना पदवी दिली. याच सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. तिची पदवी हाती येण्यास १९२२ साल उजाडले. विद्येचे माहेरघर म्हणून ज्यांची ख्याती, तीच विद्यापीठे या बाबतीत सर्वांत मागे राहिली. ऑक्सफर्डने १९२० मध्ये, तर केंब्रिजने त्यानंतर २८ वर्षांनी, १९४८ मध्ये हा अन्याय दूर केला. तत्पूर्वी १९३९ मध्ये डोरोथी गॅरड यांची पुरातत्त्वाच्या अध्यासनावर निवड होऊन त्या केंब्रिजच्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक झाल्या. पुरुष प्राध्यापकांच्या बरोबरीने त्या शिकवू शकत होत्या. परंतु विद्यापीठाच्या कारभारात त्यांना मत नव्हते.

न्यूनहॅमच्या ग्रंथालयातून

हॉर्नर १९१४ मध्ये न्यूनहॅममध्ये दाखल झाल्या आणि १९१७ मध्ये त्यांनी तत्त्वज्ञान व नीतिशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला. १९२१ मध्ये त्यांनी श्रीलंकेचा प्रवास केला. पुढे त्या भारत व ब्रह्मदेशातही आल्या. १९२३ मध्ये त्या न्यूनहॅमच्या ग्रंथपाल झाल्या. दोनच वर्षांपूर्वी ज्या महाविद्यालयाचे द्वार मोडले गेले होते, त्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून त्यांनी पालि ग्रंथांचा व्यासंग केला.

त्या एकट्या नव्हत्या. त्यांच्या आधी मेबल बोड यांनी ‘सासनवंस’ संपादिला आणि लंडनमध्ये पालिचे अध्यापन केले. कॅरोलाइन ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १९०९ मध्ये थेरीगाथेचे भाषांतर प्रसिद्ध केले. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही त्यांचा सहभाग होता. १९२३ पासून १९४२ पर्यंत त्या पालि टेक्स्ट सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. हॉर्नर १९४२ मध्ये सोसायटीच्या मानद सचिव आणि १९५९ मध्ये अध्यक्ष झाल्या, त्या अखेरपर्यंत.

हॉर्नर यांचा पहिला महत्त्वाचा ग्रंथ १९३० चा, ‘विमेन अंडर प्रिमिटिव्ह बुद्धिझम’. त्याच्या पूर्वार्धात माता, कन्या, पत्नी, विधवा व श्रमिक स्त्री यांचा, तर उत्तरार्धात भिक्खुणी संघाचा विचार आहे. त्यातील आठ गरुधम्मांचे प्रकरण लिहीत असताना लेखिका स्वतः अशा विद्यापीठाच्या छायेत राहत होती, जेथे स्त्रीची विद्वत्ता मान्य होती, पण तिचे सभासदत्व अमान्य होते.

आनंदाचा प्रश्न

चुल्लवग्गाच्या दहाव्या खंधकातील प्रसंग सर्वश्रुत आहे. महापजापती गोतमीची विनंती तीनदा अमान्य होते. ती केस कापून, काषाय वस्त्रे धारण करून, पायी वैशालीस येते. तिचे पाय सुजलेले आहेत, ती धुळीने माखलेली आहे. तेव्हा आनंद स्थविर तथागतांस विचारतात की, प्रव्रज्या घेतल्यास स्त्री सोतापत्तिफलापासून अर्हत्त्वापर्यंतची फले प्राप्त करू शकते किंवा नाही. तथागत ती समर्थ असल्याचे सांगतात. आनंदांचे पुढील म्हणणे याच उत्तरावर उभे आहे: ती समर्थ आहे, तर तिला प्रवेश मिळावा. क्षमता मान्य झाली की अधिकार नाकारण्यास आधार उरत नाही. हा युक्तिवाद स्वीकारला गेला आणि भिक्खुणी संघ अस्तित्वात आला. १८९० मध्ये क्षमता पाहूनही केंब्रिजने हा युक्तिवाद स्वीकारला नाही.

परंतु आपण येथेच थांबलो, तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्याच खंधकात आठ गरुधम्मही आहेत. शंभर वर्षांपूर्वी उपसंपदा झालेल्या भिक्खुणीने त्याच दिवशी उपसंपदा झालेल्या भिक्खूस वंदन करावे, हा त्यांतील पहिला. पुढे गोतमीने वंदन ज्येष्ठतेनुसार व्हावे, अशी विनंती केली. तीही अमान्य झाल्याचे तेथे नमूद आहे. हा भाग मूळचा की संगायनकर्त्या भिक्खूंनी नंतर घातलेला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र गोतमीने मागितले होते ते विसरता येत नाही.

बाबासाहेबांनी १९५१ मध्ये ‘महाबोधि’ मासिकातील ‘हिंदू स्त्रीची उन्नती आणि अवनती’ या अर्थाच्या लेखात, स्त्रियांच्या अवनतीस बुद्ध जबाबदार आहेत, या आरोपाचे खंडन केले. स्त्रियांस प्रव्रज्येचा अधिकार देणे म्हणजे ब्राह्मणी व्यवस्थेने नाकारलेला ज्ञानाचा अधिकार देणे होय, हे त्यांच्या प्रतिपादनाचे मर्म आहे.

आपल्यापुरते

मार सोमा थेरीस हिणवतो की, दोन बोटांएवढी बुद्धी असलेल्या स्त्रीस ऋषींचे स्थान कसे मिळणार. अट्ठकथा त्याचा अर्थ सांगते: भात शिजला की नाही, हे शित दोन बोटांनी चेपून पाहण्यातच स्त्रीचा जन्म जातो. चित्त समाहित असता स्त्रीत्वाचा अडसर कोठे येतो, या आशयाचे उत्तर सोमा देते.

आमच्या अनुभवानुसार विहारांतील पालि वर्गांत उपासिकांची संख्या बहुधा उपासकांहून अधिक असते. त्या परीक्षा देतात, उत्तीर्ण होतात. मात्र विहाराची कार्यकारिणी निवडताना, व्याख्यानमालेचे वक्ते ठरविताना, हिशेबाच्या वहीवर सही करताना त्यांची नावे क्वचितच पुढे येतात. पूजेची तयारी आणि भोजनदानाची व्यवस्था मात्र त्यांच्याकडे असते. हे केंब्रिजच्या नावापुरत्या पदवीहून फार वेगळे आहे, असे आम्हांस वाटत नाही.

हॉर्नर यांनी पदवीची वाट पाहिली नाही. विनयपिटकाचे सहा खंड पूर्ण केले. त्यांच्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तथापि एका व्यक्तीची चिकाटी ही संस्थेच्या अन्यायाची सबब होऊ शकत नाही. आपल्या विहारात पुढील वेळी समिती निवडली जाईल, तेव्हा आनंदांचा प्रश्न कोणीतरी उभे राहून विचारावा. त्याचे उत्तर तथागतांनी दिलेलेच आहे.