नोंदणी एक, अर्थ अनेक : न्यायनिर्णयांच्या प्रकाशात वैद्याचे कायदेशीर स्थान

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील विशिखानुप्रवेशनीय अध्यायात वैद्याने व्यवसायास केव्हा प्रारंभ करावा याचे विवेचन आले आहे. शास्त्राचे अध्ययन, अर्थाचे मनन, प्रत्यक्ष कर्माचे दर्शन आणि स्वहस्ते अभ्यास या अटींच्या जोडीला तेथे राजाच्या अनुज्ञेचीही अट घातलेली आहे. ज्ञान असले तरी अनुज्ञा हवी आणि अनुज्ञा मिळाली म्हणून ज्ञान गृहीत धरता येत नाही, हा दुहेरी विचार आपल्या शास्त्राला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. आजच्या काळात राजानुज्ञेचे स्थान नोंदणी प्रमाणपत्राने घेतले आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात ते चौकटीत लावलेले असते. परंतु त्या प्रमाणपत्राने नेमका कोणता अधिकार मिळतो, हा प्रश्न विचारल्यास उत्तर सहसा अस्पष्ट येते.

आम्ही मोडनिंब येथे व्यवसाय करतो. पुणे-सोलापूर महामार्गावरील या गावी आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर आयुर्वेद पदवीधर हाच अनेक कुटुंबांचा पहिला वैद्य असतो. ज्वर, अतिसार, विंचूदंश, महामार्गावरील अपघात यांपैकी काहीही प्रथम त्याच्याच दारी येते. अशा वैद्याला न्यायालयांचे निर्णय ही दूरची गोष्ट मानून चालणार नाही. म्हणूनच दिवाणी, फौजदारी व संवैधानिक स्वरूपाच्या काही प्रमुख निर्णयांचा आशय प्रस्तुत लेखात सोप्या रीतीने मांडत आहोत. या सर्व निर्णयांतून एक सूत्र दिसते. आपली नोंदणी एकच असली, तरी ‘नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी’ या शब्दांचा अर्थ प्रत्येक कायद्यात निराळा आहे आणि न्यायालय त्या त्या कायद्यातील व्याख्येप्रमाणेच निर्णय देते.

अधिकाराचा प्रश्न

या संदर्भात सर्वप्रथम पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निर्णय पाहिला पाहिजे. प्रकरण मुंबईचे आहे. होमिओपॅथीची पदविका असलेल्या डॉक्टरांनी ज्वराच्या रुग्णास आधी विषाणुजन्य ताप व नंतर विषमज्वर समजून आधुनिक औषधे दिली. रुग्णाची प्रकृती खालावली व जुलै १९९२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. अभ्यासक्रमात आधुनिक वैद्यकाचे काही विषय शिकवले जातात, असा बचाव पुढे आला. न्यायालयाने तो अमान्य केला. ज्या पद्धतीत नोंदणी आहे त्याच पद्धतीने चिकित्सा करण्याचे कायद्याचे बंधन असता दुसऱ्या पद्धतीची औषधे देणे ही स्वयंसिद्ध हयगय ठरते, असे न्यायालयाने म्हटले व तीन लाख रुपयांची नुकसानभरपाई मंजूर केली. सामान्य हयगयीच्या दाव्यात वैद्य कुठे चुकला हे तक्रारदाराला दाखवून द्यावे लागते. स्वयंसिद्ध हयगयीत अधिकाराचा अभाव हाच दोष ठरतो.

या निर्णयानंतर आयुर्वेद पदवीधरांमध्ये चिंता पसरणे स्वाभाविक होते. त्यांच्याविषयीचा प्रश्न दोन वर्षांनी, ८ ऑक्टोबर १९९८ रोजी, डॉ. मुख्तियार चंद विरुद्ध पंजाब राज्य या निर्णयात सुटला. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली, १९४५ मधील नियम २ (ईई) अन्वये राज्य शासन अधिसूचना काढून काही व्यवसायींना त्या नियमांपुरते ‘नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी’ घोषित करू शकते. हा नियम व त्याखालील अधिसूचना न्यायालयाने वैध ठरवल्या. मात्र त्याला एक महत्त्वाची मर्यादा घातली. ज्या राज्याच्या कायद्याने भारतीय वैद्यकाच्या नोंदणीकृत व्यवसायींना आधुनिक वैद्यकाची चिकित्सा करण्याचा अधिकार दिलेला आहे, त्याच राज्यात अशा अधिसूचनेचा लाभ घेता येईल. अर्थात अधिकार पदवीच्या नावातून अथवा अभ्यासक्रमातील विषयांतून उत्पन्न होत नाही. तो राज्याच्या कायद्यातून येतो.

महाराष्ट्रापुरता हा आधार महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ मध्ये आहे. त्याअन्वये २५ नोव्हेंबर १९९२ रोजी शासनाने आदेश काढला आणि नियम २ (ईई) खाली २३ फेब्रुवारी १९९९ रोजी अधिसूचना काढली. दोन्हींचा लाभ अधिनियमाच्या अनुसूचीतील ठरावीक भागांत समाविष्ट असलेल्या अर्हतांच्या व्यवसायींना मिळतो. तेव्हा प्रत्येक वैद्याने आपली अर्हता अनुसूचीच्या कोणत्या भागात मोडते हे स्वतः पाहून घ्यावे. आमच्या सोलापूर जिल्ह्याची हद्द कर्नाटकाला भिडलेली आहे. सीमेपलीकडे चिकित्सालय उघडणाऱ्याने महाराष्ट्रातील अधिसूचना तेथे लागू होते असे समजू नये. मुख्तियार चंद निर्णयाचा आशयच असा आहे की, राज्य बदलले की अधिकाराचा आधारही नव्याने तपासावा लागतो.

त्या निर्णयाच्या वेळी असलेले केंद्रीय कायदे आता राहिलेले नाहीत. भारतीय वैद्यक परिषद अधिनियम, १९५६ याच्या जागी राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियम, २०१९ आला आणि १९७० च्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद अधिनियमाची जागा २०२० च्या भारतीय चिकित्सा पद्धती राष्ट्रीय आयोगाच्या अधिनियमाने घेतली. २०१९ च्या अधिनियमात अनधिकृत व्यवसायासाठी एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. जुन्या कायद्यातील एक हजार रुपयांच्या दंडाशी तुलना केल्यास अधिकाराची सीमा ओलांडणे आज किती महाग पडू शकते हे लक्षात येईल.

दक्षतेचा प्रश्न

अधिकार सिद्ध झाला म्हणजे वैद्य निर्धास्त झाला असे नाही. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले हा १९६८ चा निर्णय या बाबतीत आजही पायाभूत मानला जातो. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. स्थानिक डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला. तरुणाचे वडील स्वतः वैद्यक व्यावसायिक होते. दूरचा प्रवास करून ९ मे रोजी त्याला पुण्यास आणण्यात आले व शल्यचिकित्सकाच्या रुग्णालयात दाखल केले. तेथे पुरेशी भूल न देता जोर लावून अस्थिभंग बसवण्यात आला आणि त्याच रात्री तो तरुण दगावला. न्यायालयाने तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली.

या प्रकरणात शल्यचिकित्सकाच्या अर्हतेविषयी वाद नव्हता. वाद होता दक्षतेचा. रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरवताना, कोणती चिकित्सा द्यावी हे ठरवताना आणि ती चिकित्सा प्रत्यक्ष देताना, अशा तीन टप्प्यांवर वैद्याचे कर्तव्य असते, असे न्यायालयाने सांगितले. यांतील पहिल्या टप्प्याकडे ग्रामीण वैद्याचे विशेष लक्ष असावे. हा रुग्ण माझ्याकडे ठेवावा की सोलापूर वा पंढरपूरला पाठवावा, हा निर्णयही चिकित्सेचाच भाग आहे. तो घेण्यात दिरंगाई झाली, तर पुढची सर्व औषधयोजना योग्य असूनही दोष लागू शकतो. असाध्य व्याधी ओळखून यशाचा मोह टाळावा, हा आपल्या संहितांचा उपदेश याहून वेगळा नाही.

भरपाईची वाट ग्राहक न्यायालयांतूनही जाते. इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या १३ नोव्हेंबर १९९५ च्या निर्णयाने मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यात आरोग्यसेवेचा शब्दशः उल्लेख नाही म्हणून ती वगळली गेली, असा युक्तिवाद झाला होता. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो स्वीकारला नाही.

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या २००८ च्या निर्णयाने संमतीचा प्रश्न स्पष्ट केला. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रकर्मासाठी चालत नाही आणि रुग्ण सज्ञान व विचारक्षम असता, तातडीची गरज नसताना, नातेवाइकाची संमती पुरत नाही. क्षारसूत्र, अग्निकर्म, रक्तमोक्षण व पंचकर्म करणाऱ्या वैद्यांनी छापील कागदावर अंगठा घेण्यापुरते यास मर्यादित ठेवू नये. कर्म कोणते, त्यातील संभाव्य उपद्रव कोणते आणि दुसरा पर्याय काय, हे रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगून तशी नोंद करावी.

फौजदारी दायित्व

जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या ५ ऑगस्ट २००५ च्या निर्णयाने वैद्यकीय हयगयीच्या फौजदारी खटल्यांना शिस्त लावली. दिवाणी दायित्वास पुरेशी असलेली साधी हयगय फौजदारी शिक्षेस पुरत नाही. त्यासाठी ती अत्यंत ढोबळ स्वरूपाची असली पाहिजे. खासगी तक्रारीसोबत दुसऱ्या सक्षम डॉक्टरचे विश्वसनीय मत हवे, तपास अधिकाऱ्याने शक्यतो शासकीय सेवेतील त्या शाखेच्या तज्ज्ञाचे निःपक्षपाती मत घ्यावे आणि केवळ आरोप झाला म्हणून डॉक्टरला अटक करू नये, असे मार्गदर्शन न्यायालयाने केले. ललिता कुमारी प्रकरणातील २०१३ च्या निर्णयातही गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करता येईल अशा प्रकरणांत वैद्यकीय हयगयीचा समावेश आहे.

येथवर आयुर्वेद व आधुनिक वैद्यक असा भेद नव्हता. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये सर्वांनाच दोन वर्षांपर्यंत कारावास, दंड अथवा दोन्ही अशी शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि चित्र बदलले. तिच्या कलम १०६ (१) मध्ये हयगयीने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. वैद्यकीय प्रक्रिया करीत असताना नोंदणीकृत वैद्यक व्यवसायीकडून असे कृत्य घडल्यास मर्यादा दोन वर्षांची आहे. मात्र त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात नोंदणीकृत वैद्यक व्यवसायी म्हणजे राष्ट्रीय वैद्यक आयोग अधिनियमाखाली मान्य अर्हता असलेला व त्या अधिनियमाखालील नोंदवहीत नाव असलेला, अशी व्याख्या आहे. आपली नोंदणी त्या नोंदवहीत नसते. त्यामुळे कलमाचे शब्द जसे आहेत तसे वाचल्यास दोन वर्षांच्या मर्यादेचा लाभ आयुर्वेद वैद्यास मिळत नाही. वाडीवरच्या एकाच रुग्णाबाबत दोन चिकित्सकांवर सारखाच आरोप आला, तर एकाला दोन व दुसऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षेची शक्यता उरते. अनेक वैद्यांना याची कल्पना नाही. ही व्याख्या विस्तारण्याची मागणी आपल्या संघटनांनी सातत्याने शासनाकडे केली पाहिजे, असे आमचे मत आहे.

व्याख्या कायद्यागणिक कशी बदलते याची आणखी दोन उदाहरणे पाहू. वैद्यकीय गर्भपात अधिनियम, १९७१ मधील व्याख्येतही आपण येत नाही. म्हणून त्या विषयात पाऊल टाकणे सर्वथा वर्ज्य होय. उलट औषधे व जादूटोणायुक्त उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ मधील व्याख्या व्यापक असून राज्याच्या कायद्याखाली नोंदणीस पात्र असलेला वैद्य तिच्यात बसतो. त्यामुळे मधुमेह अथवा मोतीबिंदूसारख्या अनुसूचीतील व्याधींची चिकित्सा येथे होते, एवढे सांगणारा फलक स्वतःच्या चिकित्सालयावर लावता येतो. तोच मजकूर खात्रीच्या भाषेत भिंतीवर, वृत्तपत्रात अथवा भ्रमणध्वनीवरून पसरवला, तर तो गुन्हा ठरू शकतो. हमदर्द दवाखाना प्रकरणात १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या अधिनियमाच्या काही तरतुदी रद्द केल्या. परंतु अशा व्यापारी जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण नाही, हेही त्याच निर्णयात स्पष्ट केले.

दारी आलेला अपघातग्रस्त

वरील सर्व वाचून कोणी असे म्हणेल की, धोका नको, गंभीर रुग्णाला हातच लावू नये. तसे करणे धर्माला व कायद्याला धरून नाही. परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार या १९८९ च्या निर्णयाने, डॉक्टर शासकीय असो वा खासगी, जखमीचा जीव वाचवण्याचे कर्तव्य प्रथम व पोलिसी सोपस्कार नंतर, असे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. महामार्गावर अपघात झाल्यास रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग मोकळा राखणे, अवयव स्थिर करणे व विनाविलंब योग्य रुग्णालयात पाठवणे हे आपण केलेच पाहिजे. सोबत वेळ, अवस्था, केलेले उपचार व पाठवण्याचे कारण लिहिलेली चिठ्ठी द्यावी व तिची प्रत जपून ठेवावी.

शेवटी वैद्यबंधू-भगिनींना काही व्यावहारिक सूचना. नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करावे. आधुनिक औषध लिहिताना आपल्याला त्याचा अधिकार व प्रत्यक्ष अभ्यास दोन्ही आहेत ना, हे पाहावे. प्रत्येक रुग्णाची लक्षणे, परीक्षण, औषध व सल्ला यांची त्याच दिवशी नोंद करावी. मागाहून लिहिलेली नोंद न्यायालयात उलट संशय निर्माण करते. तक्रार अथवा नोटीस आल्यास कागदपत्रांत फेरफार न करता तत्काळ विधिज्ञांचा सल्ला घ्यावा.

चरकाचार्यांनी वैद्यांचे प्राणाभिसर व रोगाभिसर असे दोन प्रकार सांगितले. कोणत्या वैद्याने कोठे थांबावे हे जाणणे प्राणाभिसराच्याच लक्षणांत मोडते, असे आम्हाला वाटते. न्यायालयेही इतक्या वर्षांत निराळ्या शब्दांत तेच सांगत आली आहेत. भिंतीवरील प्रमाणपत्र वाचताना त्याखाली कोणता कायदा आहे, हेही आपण एकदा वाचून ठेवावे.