सॉलिड स्टेट ड्राइव्हच्या फर्मवेअरचे अद्ययावतीकरण

अर्धसंवाहक स्मृतीत माहिती साठविणाऱ्या सॉलिड स्टेट ड्राइव्ह (एसएसडी) या साधनाच्या नियंत्रकात जी अंगभूत आज्ञावली चालते, तिला त्या साधनाचे फर्मवेअर म्हणतात. तिच्या जागी निर्मात्याने सुधारलेली आवृत्ती बसविणे म्हणजे फर्मवेअरचे अद्ययावतीकरण होय. ‘फर्मवेअर’ ही संज्ञा ॲशर ऑप्लर यांनी १९६७ मध्ये वापरली. त्या वेळी तिचा अर्थ संगणकाच्या मध्यवर्ती प्रक्रियकातील सूक्ष्म आज्ञावलीपुरता मर्यादित होता. पुढे कोणत्याही उपकरणात कायम बसविलेल्या आज्ञावलीस ती लावली जाऊ लागली. लॅपटॉपमध्ये बहुधा एकच ड्राइव्ह असतो आणि कार्यकारी प्रणाली व वापरणाऱ्याची सर्व कागदपत्रे त्यावरच असतात. त्यामुळे ही क्रिया किरकोळ दिसली, तरी तिचे परिणाम किरकोळ नसतात.

फर्मवेअरचे कार्य : एसएसडीतील माहिती नँड प्रकारच्या फ्लॅश स्मृतीत साठविली जाते. ही स्मृती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडली. तीत माहिती लहान पृष्ठांत लिहिता येते. परंतु पुसावयाची झाल्यास शेकडो पृष्ठांचा संपूर्ण गट एकदम पुसावा लागतो, आणि प्रत्येक गट ठराविक वेळा पुसल्यावर झिजतो. म्हणून संगणकाने सांगितलेल्या स्थानी माहिती प्रत्यक्षात राहत नाही. नियंत्रक ती सोयीच्या पृष्ठावर लिहितो व कोणती माहिती कोठे ठेवली, याचा नकाशा बाळगतो. झीज सर्व गटांवर सारखी वाटणे, वाचनातील चुका दुरुस्त करणे व निरुपयोगी पृष्ठे मोकळी करणे ही कामेही फर्मवेअरच करते. हा नकाशा हरवला किंवा तो वाचणारी आज्ञावली बंद पडली, तर चकत्यांवरील विद्युत् भार जसाच्या तसा असूनही माहिती हाती लागत नाही. अनेक ड्राइव्ह सर्व माहिती सांकेतिक रूपात लिहितात. अशा वेळी चकत्या सुट्या काढून वाचण्याचा मार्गही बंद होतो.

अद्ययावतीकरणाची गरज : फर्मवेअरमधील दोष वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतात. क्रूशियल कंपनीचे एम४ हे ड्राइव्ह ५,१८४ तास, म्हणजे २१६ दिवस, चालल्यावर प्रतिसाद देईनासे होत व पुन्हा सुरू केल्यास तासाभराने परत थांबत. जानेवारी २०१२ मध्ये आलेल्या नव्या आवृत्तीने हा दोष गेला. याहून गंभीर प्रकार नोव्हेंबर २०१९ मध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइझ या कंपनीने जाहीर केला. तिच्या सर्व्हर संगणकांतील काही ड्राइव्ह ३२,७६८ तास (३ वर्षे, २७० दिवस व ८ तास) चालल्यावर कायमचे निकामी होणार होते आणि त्यांतील माहिती परत मिळणार नव्हती. चिन्हासह सोळा द्विमान अंकांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२,७६७ आहे. त्यावरून तासांच्या मोजणीची मर्यादा ओलांडली जात असावी, असा तर्क करता येतो. एकाच दिवशी कामास लावलेले ड्राइव्ह जवळजवळ एकाच वेळी बंद पडणार असल्याने, एकाची प्रत दुसऱ्यावर ठेवण्याची नेहमीची व्यवस्थाही येथे निरुपयोगी ठरली असती. सॅमसंग ८४० ईव्हीओ या ड्राइव्हमध्ये जुनी झालेली माहिती फार सावकाश वाचली जाई. त्यावर २०१४ मधील पहिला उपाय अपुरा पडला. २०१५ मधील आवृत्ती जुनी माहिती अधूनमधून नव्याने लिहू लागली.

याची दुसरी बाजूही आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये इंटेल कंपनीने एक्स२५-एम या ड्राइव्हसाठी ‘ट्रिम’ आज्ञेची सोय असलेले फर्मवेअर प्रसिद्ध केले. विंडोज ७ वापरणाऱ्या काहींचे ड्राइव्ह ते बसविल्यावर बंद पडले, तेव्हा कंपनीने ते मागे घेऊन काही आठवड्यांनी सुधारित आवृत्ती दिली. नवी आवृत्ती निघताच ती घाईने बसविणे आणि कधीच न बसविणे, या दोहोंतही धोका आहे. निर्मात्याच्या टिपणीत सांगितलेला दोष आपल्या ड्राइव्हला लागू पडत असल्यास विलंब करू नये; केवळ किरकोळ सुधारणा असल्यास काही आठवडे थांबण्याने नुकसान होत नाही.

पद्धती : प्रथम ड्राइव्हचे प्रतिमान व फर्मवेअरची सध्याची आवृत्ती यांची नोंद करतात. लॅपटॉपबरोबर आलेल्या ड्राइव्हचे फर्मवेअर पुष्कळदा लॅपटॉपच्या निर्मात्याकडून घ्यावे लागते. बाजारात सुट्या मिळणाऱ्या त्याच नावाच्या ड्राइव्हचे फर्मवेअर त्यास चालेलच असे नाही. यानंतर सर्व माहितीची प्रत वेगळ्या साधनावर घेतात. ही पायरी सर्वांत महत्त्वाची असून नेमकी तीच टाळली जाते. प्रत घेतली एवढ्याने भागत नाही. तीतील काही धारिका उघडून पाहाव्या लागतात. विंडोजमध्ये बिटलॉकरचे संरक्षण चालू असल्यास ते तात्पुरते स्थगित करून पुनःप्राप्तीची किल्ली कागदावर उतरवून ठेवतात; ती त्याच लॅपटॉपमध्ये ठेवणे व्यर्थ होय.

बॅटरी पुरेशी भारित असावी व अडॅप्टरही जोडलेला असावा. वीज अचानक जाणाऱ्या ठिकाणी मेजावरच्या संगणकापेक्षा लॅपटॉप या कामास अधिक सुरक्षित असतो, मात्र त्याची बॅटरी जुनी होऊन दुबळी झालेली नसावी. इतर आज्ञावल्या बंद करतात व लॅपटॉप आपोआप निद्रावस्थेत जाणार नाही अशी योजना करतात. ड्राइव्ह लॅपटॉपमध्येच असावा. यूएसबी पेटीतून जोडल्यास या कामाच्या आज्ञा अनेकदा त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

नवे फर्मवेअर तुकड्यातुकड्यांनी ड्राइव्हकडे पाठविले जाते. ते अस्सल व अखंड आहे याची खात्री केल्यावर ड्राइव्ह ते राखीव जागेत लिहितो आणि बहुधा पुढील प्रारंभाच्या वेळी अमलात आणतो. एनव्हीएमई मानकात अशा एक ते सात जागांची तरतूद आहे. एकाहून अधिक जागा असल्यास जुनी आवृत्ती शिल्लक राहते. एकच असल्यास लेखन चालू असताना वीज जाणे घातक ठरू शकते. क्रिया बहुधा काही मिनिटांत संपते. पडदा स्तब्ध दिसला, तरी तेवढ्यावरून लॅपटॉप बंद करू नये.

शेवटी लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करतात व आवृत्तीचा क्रमांक बदलला की नाही, ते पाहून बिटलॉकरचे संरक्षण पूर्ववत करतात. काही निर्माते जुन्या आवृत्तीकडे परत जाऊ देत नाहीत. ड्राइव्ह ओळखला जाईनासा झाल्यास तेच फर्मवेअर पुनःपुन्हा लादू नये. हमीची मुदत शिल्लक असल्यास निर्माता ड्राइव्ह बदलून देतो, त्यातील माहिती मात्र देत नाही. ती आधी घेतलेल्या प्रतीतूनच परत आणावी लागते.