गोलकीपर मोठा की त्याचं पॅड?

वाशीहून बोलतोय. नवी मुंबईतली वाशी नाही, आपली धाराशिव जिल्ह्यातली. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहूनही टाकलाय. बोलल्यासारखाच ठेवलाय, फक्त थोडा साफसूफ करून.

आजचा प्रश्न असा. बर्फावरच्या हॉकीतला गोलकीपर तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. पायाला गादीएवढी पॅड, छातीवर चिलखत, एका हातात परातीएवढा ग्लोव्ह. बघितल्यावर पहिलं वाटतं, अरे, याला हरवणार कसं? ही तर भिंत झाली! मग हा फायदा अन्यायाचा आहे का?

आधी आपल्याकडून सुरुवात करू. आपला जिल्हा खो-खोचा. सारिका काळे इथलीच, 2020 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. खो-खोत काय लागतं? दोन खांब आणि अंग. पळणाऱ्याला कुठलंही साहित्य जास्तीचं अंग देत नाही. गोलकीपरचं तसं नाही. त्याचं कामच गोल झाकायचं आहे, आणि पॅड जेवढं रुंद तेवढा तो जास्त झाकतो. म्हणजे जी वस्तू त्याला वाचवते, तीच वस्तू त्याच्यासाठी गोलही अडवते. सगळा घोळ इथंच आहे.

क्रिकेटमध्ये हाच वाद बॅटवरून झाला. 2017 पासून बॅटची रुंदी 108 मिलिमीटर, कड 40 आणि जाडी 67 मिलिमीटरच्या आत हवी असा नियम आहे. 2025 च्या आयपीएलमध्ये अंपायर मैदानातच साचा काढून बॅट त्यातून जाते का ते बघत होते, आठवतंय ना?

आधी नागपूरचा माणूस

आता मैदानी हॉकी. 1928 चं अॅमस्टरडॅम ऑलिंपिक. भारताचं हॉकीतलं पहिलं सुवर्णपदक. ध्यानचंद सगळ्यांना माहीत आहेत. पण त्या संघाच्या गोलात उभा होता रिचर्ड अॅलन, जन्म नागपूरचा. भारत पाच सामने खेळला, 29 गोल केले आणि खाल्ले किती? शून्य! तेव्हा आजच्यासारखा फोम नव्हता, चेहऱ्यावर जाळी नव्हती.

मग साहित्याचा काही संबंधच नाही का? थांबा, एवढ्यावर निकाल लावायचा नाही. अॅलनच्या पुढं जगातला सगळ्यात भारी संघ होता, चेंडू त्याच्यापर्यंत पोचणंच अवघड. आणि तेव्हा ड्रॅगफ्लिक नव्हती. आज पेनल्टी कॉर्नरवर चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगानं येतो. त्यासमोर जुनी पॅड घालून उभं राहायचं म्हणजे हाडं मोडून घ्यायची.

आता थोडं गणित

इंजिनिअर माणूस, मोजल्याशिवाय झोप येत नाही.

मैदानी हॉकीचा गोल 3.66 मीटर रुंद आणि 2.14 मीटर उंच. बर्फावरचा गोल 1.83 मीटर रुंद आणि 1.22 मीटर उंच. रुंदी बरोबर निम्मी. क्षेत्रफळ काढलं तर मैदानी गोल साडेतीन पट मोठा.

आता पॅड. मैदानी हॉकीत एका पॅडची रुंदी जास्तीत जास्त 30 सेंटिमीटर. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये 11 इंच, म्हणजे जवळपास 28 सेंटिमीटर. बघा गंमत! मैदानी हॉकीचं पॅड उलट थोडं रुंदच आहे. तरी श्रीजेशनं टोकियोत 5 ऑगस्ट 2021 ला शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीचा पेनल्टी कॉर्नर अडवला आणि कांस्यपदक आलं, तेव्हा कुणी म्हणालं का, की पॅडनं अडवलं? नाही. कारण दोन्ही पॅड मिळून त्या गोलाचा सहावा हिस्सासुद्धा झाकत नाहीत. बर्फावर तीच रुंदी जवळपास तिसऱ्या हिश्श्यापर्यंत जाते.

म्हणजे ‘मोठं’ हा शब्द एकटा काही सांगत नाही. कशाच्या तुलनेत मोठं, ते विचारायचं.

गुडघे टेकले की खेळ बदलतो

बर्फावरचा गोलकीपर एक युक्ती करतो, तिला ‘बटरफ्लाय’ म्हणतात. गुडघे बर्फावर टेकायचे आणि दोन्ही नडग्या बाहेरच्या बाजूला पसरायच्या. आता पॅड उभी नाहीत, आडवी झाली. लांबीनं ती गोलाची जवळपास सगळी रुंदी झाकतात आणि पॅडची रुंदी आता भिंतीची उंची होते.

गोलाची उंची 48 इंच. ढोबळ हिशोब करू. 1989 च्या आधी पॅड 10 इंच रुंद असायचं, म्हणजे आडवं टाकल्यावर गोलाचा 21 टक्के भाग बंद. 1989 मध्ये 12 इंचांची परवानगी मिळाली, मग 25 टक्के. 2005 मध्ये 11 इंच केलं, मग 23 टक्के. एका इंचाचा फरक पडतो तो दोन टक्क्यांचा.

आता निकाल बघा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एनएचएलचे गोलकीपर शंभरातले साधारण 87 फटके अडवायचे. 2015-16 च्या हंगामात ते 91 च्या पुढं गेले. म्हणजे शंभरात 13 ऐवजी नऊच्या आतबाहेर गोल. खेळणाऱ्याच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे.

पण मुद्दा असा, की 2005 ला पॅड कापल्यावरसुद्धा पुढची दहा वर्षं गोलकीपर सुधारतच गेले. पॅड लहान आणि अडवणं जास्त. मग श्रेय एकट्या रुंदीला कसं द्यायचं? पॅट्रिक रॉय आणि त्याचा प्रशिक्षक फ्रांस्वा अलेर यांनी बटरफ्लाय रुजवली, पुढची सगळी पोरं तीच शिकून आली. उंच मुलं गोलात यायला लागली. आणि जुनं चामडं आणि आत भरलेले घोड्याचे केस पाणी पिऊन जड व्हायचे. त्याच्या जागी हलका फोम आला, म्हणून दर फटक्याला गुडघ्यावर पडून पुन्हा उठणं जमायला लागलं. माझ्या मते खरा फायदा इथं आहे. रुंदी टेपनं मोजता येते म्हणून वाद तिच्यावर होतो, हलकेपणाकडं कुणी बघत नाही.

उलट बाजूही सांगतो. 2005 मध्ये पॅड कापलं, त्याच वर्षी लांब पासवरची बंदी उठली आणि अडवाअडवीवर शिट्ट्या वाढल्या. गोल वाढले, पण कशामुळं? एकाच रिलीजमध्ये चार बदल टाकले की बग कुठल्या बदलानं आला ते सापडत नाही, तसं झालं हे.

मग अन्याय कुणावर?

‘अन्याय’ शब्दाचे इथं तीन अर्थ निघतात.

पहिला, दोन संघांमधला. इथं अन्याय नाही. दोन्ही गोलकीपरना तेच साहित्य, तोच नियम.

दुसरा, मारणारा आणि अडवणारा यांच्यातला. इथं तोल बिघडू शकतो. फटका चांगला बसूनही तो अंगाला न लागता मोकळ्या फुगवट्याला लागून परत येत असेल, तर मारणाऱ्याचं कसब वाया जातं आणि बघणाऱ्यालाही मजा येत नाही.

तिसरा, दोन गोलकीपरमधला. बारीक अंगाच्या माणसानं ढगळ चिलखत घातलं, तर त्याला फुकटचं अंग मिळतं. म्हणून एनएचएलनं पॅडची लांबी गोलकीपरच्या पायाच्या मापाला बांधली आणि 2018-19 पासून छातीचं चिलखत अंगाला बसेल असंच हवं म्हणून सांगितलं. मैदानी हॉकीचा नियमही तेच म्हणतो: अंगाचा आकार कृत्रिमरीत्या वाढवणारं काही चालणार नाही.

माझं उत्तर या ओळीत आहे. मार झेलण्यापुरतं जेवढं लागतं तेवढं साहित्य हा हक्क. त्याच्या पुढं फक्त गोल झाकायला जे फुगवलंय तो अन्याय. रेषा अंगाच्या मापानं ओढायची.

पण कात्री जपून लावायची. चिलखत बारीक केल्यावर जास्त लागतं अशी तक्रार बऱ्याच एनएचएल गोलकीपरनी केली होती. पकचं वजन 170 ग्रॅम, रबर गोठवून दगडासारखं केलेलं. 1 नोव्हेंबर 1959 ला न्यूयॉर्कमध्ये जॅक प्लांटच्या तोंडावर पक बसला, टाके पडले, आणि तो मुखवटा घालून परत उतरला. तेव्हा मुखवटा घालणारा भित्रा समजला जायचा. आज मुखवट्याविना कुणी उभं राहील का?

आणि आपल्याकडं?

आपल्याकडं प्रश्न बरोबर उलटा आहे. शाळेच्या संघात गोलकीपरचा एकच संच, तोही मोठ्या माणसाच्या मापाचा, आणि तो तीन-चार पोरं आळीपाळीनं घालतात. बारा वर्षांच्या पोराला ते मोठं पॅड फायदा देत नाही. पॅड मांडीवर आपटतं, पाय उचलत नाही, हेल्मेट डोळ्यांवर येतं. ढगळ साहित्य एनएचएलमध्ये भिंत बनतं, इथं बेडी. आणि क्रिकेटचं पॅड बांधून काम भागवू नका, त्यात पाऊल उघडं राहतं. नियमात हेल्मेट, पायाचं पॅड आणि पावलाचा किकर या तिन्हींशिवाय गोलकीपर पुरा होतच नाही.

तुमच्या ओळखीत कुणी गोलात उभं राहत असेल, तर एवढं तपासा: हेल्मेट मान हलवल्यावर फिरतं का, गळा झाकलाय का, पॅडचे पट्टे बसतात का, आणि ते घालून पोरगं दोन पावलं बाजूला झटकन सरकतं का. सरकत नसेल, तर पॅड कितीही महागडं असू दे, माप चुकलंय.

चला, आजच्यासाठी एवढंच. पटलं नसेल तर खाली लिहा, भांडू निवांत. पुढच्या भागात भेटू!