दोन उपक्रम, चार गट आणि संख्याशास्त्रीय कसोटीची निवड

संधिगतवाताच्या रुग्णास आपण त्रयोदशांग गुग्गुळ देतो आणि जोडीला जानुबस्तीही करतो. रुग्णास उपशय मिळतो. पण तो गुग्गुळामुळे, बस्तीमुळे की दोहोंच्या संयोगामुळे? दोन्हींचा खर्च रुग्ण सोसतो, आणि कोणता कल्प किती साठवावा हे औषधविक्रेत्यालाही ठरवावे लागते. म्हणून हा प्रश्न निव्वळ शास्त्रीय नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात विकृतिविषमसमवेत द्रव्यांचा विचार केला आहे. तेथे घटकांच्या बेरजेवरून समुदायाचा प्रभाव कळत नाही. संख्याशास्त्रातील 'इंटरॅक्शन' ही संकल्पना याच्या बरीच जवळची आहे, आणि ती तपासण्यासाठीच फॅक्टोरियल रचना असते. तिच्यात चार गट असतात: केवळ पथ्य-व्यायाम, त्यासह गुग्गुळ, त्यासह जानुबस्ती, आणि दोन्ही. समजा, १०० मिलिमीटरच्या वेदनारेषेवर पहिल्या तीन गटांत वेदना अनुक्रमे १०, २५ आणि २५ मिमीने घटली. चौथ्या गटात ४० मिमी घट आली तर ती नुसती बेरीज. ६० आली तर संयोग उपकारक. २५ च राहिली तर दुसरा उपक्रम व्यर्थ.

अशा प्रदत्तास अनोव्हा लावण्याचा प्रघात आहे. मात्र आपली लक्षणे बहुधा ० ते ३ या श्रेणींत नोंदलेली असतात, आणि ० ते १ हे अंतर २ ते ३ एवढेच असते असे कोणी म्हणणार नाही. मग आपण क्रुस्कल-वॉलिस कसोटीकडे धावतो. मीही ४८ रुग्णांच्या अभ्यासात तेच केले. निबंध वाचून एका संख्याशास्त्रज्ञांनी विचारले, "वैद्यराज, यात संयोग कोठे तपासला आहे?" उत्तर नव्हते. १९५२ सालची ही कसोटी चार गट सारखे नाहीत एवढेच सांगते. वरील तिन्ही शक्यतांत तिचे उत्तर एकच येऊ शकते. १९३७ ची फ्रीडमन कसोटी एकाच रुग्णाच्या वारंवार नोंदींसाठी ठीक, पण तीही एकाच घटकापुरती.

सर्व नोंदींना क्रमांक देऊन त्यांवरच अनोव्हा करण्याची युक्ती १९८१ नंतर रूढ झाली. ती सोपी आहे, पण फसवी. दोन्ही मुख्य परिणाम प्रबळ असल्यास ती नसलेला संयोग दाखवू शकते. 'अलाइन्ड रँक ट्रान्सफॉर्म' या पद्धतीत मुख्य परिणाम आधी वजा करून मगच क्रमांक देतात. वेदनारेषेसारख्या सलग मोजमापास ती योग्य. ०-३ श्रेणींत मात्र बहुसंख्य नोंदी समान असतात आणि वजाबाकीलाच अर्थ उरत नाही. तेथे ऑर्डिनल लॉजिस्टिक रिग्रेशन मला अधिक प्रामाणिक वाटते. उपचारापूर्वी व नंतर अशा नोंदी असतील तर ब्रूनर यांच्या परंपरेतील क्रमांकाधारित पद्धती पाहाव्यात. या साऱ्या पद्धती 'आर' या विनामूल्य संगणक-प्रणालीत उपलब्ध आहेत. (एक सूचना: अनोव्हासाठी 'नॉर्मल' असावे लागते ते शेषांचे वितरण, मूळ आकड्यांचे नव्हे. काही वेळा लॉगरिदम घेतल्यावर अनोव्हाच पुरेशी ठरते.)

कसोटी अर्थातच रुग्ण घेण्यापूर्वी ठरवावी, कारण मुख्य परिणामाएवढाच संयोगपरिणाम तितक्याच खात्रीने ओळखण्यास सुमारे चौपट रुग्ण लागतात. माझ्या प्रत्येक गटात १२ होते. पुन्हा विश्लेषण केले तेव्हा संयोग आहे असेही म्हणता येईना आणि नाही असेही. तो निबंध मी मागे घेतला. आता गुग्गुळासोबत जानुबस्ती सुचवताना रुग्णास दोन्हींचा खर्च वेगवेगळा सांगतो.