संगणकाचा आळस महागात का पडला?

अतिदक्षता विभागात ड्यूटी बदलते तेव्हा जाणारी परिचारिका येणाऱ्या परिचारिकेला सगळं सांगते. सलाईन किती गेलं, इंजेक्शन कधी दिलं, लघवी किती झाली. यातलं काही सुटलं, तर धोका रुग्णाला असतो. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये अशी ड्यूटी सेकंदाला शेकडो वेळा बदलू शकते.

आपल्याला वाटतं, संगणक दहा कामं एकदम करतो. प्रत्यक्षात कामं जास्त आणि प्रोसेसर मोजके, म्हणून प्रत्येक कामाला काही मिलिसेकंद मिळतात आणि मग दुसऱ्याची पाळी येते. अशा कामाला 'थ्रेड' म्हणतात. एक थ्रेड थांबवताना त्याचे अर्धवट आकडे मेमरीत जपून ठेवावे लागतात.

दशांश अपूर्णांकांच्या आकडेमोडीला 'फ्लोटिंग पॉइंट' म्हणतात. सीटी स्कॅनची प्रतिमा अशाच आकडेमोडीतून तयार होते. इंटेलने १९८० मध्ये त्यासाठी '८०८७' ही वेगळी चिप काढली. तिच्यात ८० बिटांचे ८ कप्पे होते. पुढे ही सोय मुख्य प्रोसेसरमध्येच आली आणि कप्पे वाढत गेले. आजच्या काही प्रोसेसरांत त्यांतला ऐवज दोन हजार बाइटांहून जास्त भरतो.

पूर्वी मोजकेच प्रोग्रॅम हे कप्पे वापरत. मग दर पाळीला ते रिकामे करण्यात वेळ का घालवा? म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमने सोपी युक्ती काढली. आधीच्या थ्रेडचे आकडे तिथंच राहू द्यायचे आणि कप्प्यांना फक्त कुलूप लावायचं. नव्या थ्रेडने हात लावलाच, तर प्रोसेसर इशारा देई आणि मगच आवराआवर होई. हिला 'लेझी', म्हणजे आळशी पद्धत म्हणतात.

जून २०१८ मध्ये या पद्धतीतली फट जाहीर झाली. वेग वाढवण्यासाठी प्रोसेसर पुढच्या सूचना अंदाजाने आधीच करून ठेवतो. इंटेलच्या अनेक प्रोसेसरांत इशारा मिळेपर्यंत कुलपामागच्या जुन्या आकड्यांवर थोडं काम होऊन जाई. ते काम रद्द होई, पण कॅश मेमरीत त्याच्या खुणा उरत. त्यावरून दुसऱ्या प्रोग्रॅमचे आकडे ओळखता येत. माहिती कुलूपबंद करण्याच्या 'एईएस' पद्धतीची गुप्त किल्लीही अनेकदा याच कप्प्यांत असते. त्यामुळे बँकेचा व्यवहार असो की रुग्णाचा अहवाल, त्याचं कुलूप उघडण्याची वाट मोकळी होत होती. मात्र त्यासाठी हल्लेखोराचा प्रोग्रॅम त्याच संगणकावर चालू असावा लागे.

विशेष म्हणजे तोवर या आळसाचा फायदाही संपत आला होता. मजकूर हलवण्यासारख्या साध्या कामांसाठीही प्रोग्रॅम हेच कप्पे वापरू लागले होते, त्यामुळे इशारे आणि आवराआवर वाढली होती. लिनक्सने २०१६ मध्येच दर पाळीला आकडे जपून ठेवण्याची पद्धत सरसकट स्वीकारली. इतर सिस्टिमना २०१८ मध्ये दुरुस्ती द्यावी लागली.

ही दुरुस्ती अपडेटमधून येते. त्यामुळे घरच्या, दवाखान्यातल्या किंवा लॅबमधल्या जुन्या संगणकाचं अपडेट अनेक वर्षं रखडलं असेल, तर ते आजच करून घ्यावं. अपडेट मिळणंच बंद झालं असेल, तर त्या संगणकावर रुग्णांची माहिती ठेवू नये.