रीमा लागू : आईच्या पलीकडे

रीमा लागू यांचं नाव निघालं की आजही पहिला उद्गार येतो, ‘सलमानची आई!’ त्यात माया आहे, हे कळतं. तरीही ज्यांनी त्यांना नाटकात पाहिलं, त्यांना या ओळखीने चुटपुट लागते. मलाही लागते.

गैरसमज : वय झाल्यावर त्या आईच्या भूमिकांकडे वळल्या.

वय झालंच कुठे होतं? जन्म २१ जून १९५८चा. १९८८च्या एप्रिलमध्ये ‘कयामत से कयामत तक’ आला, त्यात त्या जुही चावलाची आई होत्या आणि त्यांची तिशीही पूर्ण झाली नव्हती. पुढच्या वर्षी ‘मैंने प्यार किया’. आई एकतीस वर्षांची, मुलगा चोवीस! ‘वास्तव’मधला मुलगा, संजय दत्त, तर त्यांच्याहून जेमतेम वर्षाने धाकटा. पण थिएटरात कुणाच्या मनात ही शंकाही आली नाही. हे श्रेय निव्वळ अभिनयाचं.

गैरसमज : सोशिक, डोळ्यांत पाणी आणणारी बाई, एवढाच त्यांचा पट.

‘वास्तव’ (१९९९) पुन्हा पाहा. त्यातली आई गुन्हेगारीत पुरत्या अडकलेल्या मुलाला स्वतःच्या हाताने गोळी घालते. तो क्षण पेलायला नुसता हळवेपणा पुरत नाही.

आणि हे बळ एकाएकी आलेलं नव्हतं. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’ नाटकात विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी अंबिका उभी केली होती. अत्याचार सोसून गप्प न बसणारी, गुलाबरावाचा हिशेब स्वतः चुकता करणारी शिक्षिका. समोर गुलाबराव म्हणून नाना पाटेकर. अशा नटासमोर बाईचं पात्र दबून जाण्याची भीती असते. इथे ते दबलं नाही. शेखर ताम्हाणे यांच्या ‘सविता दामोदर परांजपे’मध्ये तर एकाच देहात दोन बायका दाखवायच्या होत्या : संसारी कुसुम आणि तिच्यात संचारणारी सविता. आवाज, नजर, उभं राहण्याची ढब, सगळं त्याच प्रयोगात, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत बदलायचं. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच. त्याची आठवण फार थोडे काढतात, याचं वाईट वाटतं.

विनोदाचं अंग वेगळंच. ‘श्रीमान श्रीमती’मधली कोकिळा आणि ‘तू तू मैं मैं’मधली सासू देवकी आठवा. सुप्रिया पिळगावकरांबरोबरच्या त्या कुरबुरी देशभरच्या घरांत चवीने पाहिल्या गेल्या.

गैरसमज : त्या डॉ. श्रीराम लागूंच्या सूनबाई.

नाही. त्यांचे पती रंगकर्मी विवेक लागू. आडनाव तेवढं एक. ‘सिंहासन’ (१९७९) चित्रपटात मात्र त्या खरोखरच डॉक्टरांच्या सुनेच्या भूमिकेत होत्या.

गैरसमज : हिंदीत नाव झालं, मग मराठीत मान मिळाला.

क्रम नेमका उलटा आहे. मूळ नाव नयन भडभडे. आई मंदाकिनी भडभडे स्वतः रंगभूमीवरच्या नावाजलेल्या अभिनेत्री. पुण्यात हुजूरपागेत शिक्षण आणि पुढे बँकेची नोकरी सांभाळून नाटक. हिंदी चित्रपटाने आई म्हणून बोलावलं, तेव्हा त्या मराठी रंगभूमीवर मुरलेल्या होत्या. हिंदीने त्या मुरलेपणाचा एकच पदर वापरला.

गैरसमज : इतक्या लोकप्रिय अभिनेत्रीला पुरस्कारही भरपूर मिळाले असणार.

सहायक अभिनेत्रीच्या फिल्मफेअरसाठी त्यांना चार वेळा नामांकन मिळालं. पुरस्कार एकदाही नाही.

मात्र काम कधी थांबलं नाही. १८ मे २०१७ रोजी मुंबईत हृदयविकाराने त्यांचं निधन झालं, तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. ‘नामकरण’ मालिकेत दयावंती मेहता ही करारी, खलप्रवृत्तीची बाई त्या साकारत होत्या आणि आदल्या दिवशीही त्यांनी त्या मालिकेचं चित्रीकरण केलं होतं.