संकेत-संपादक विस्तारक, अंतःस्थापित प्रणालींसाठी

संगणकाची आज्ञावली ज्या साधनाच्या साहाय्याने लिहिली जाते त्यास संकेत-संपादक (कोड एडिटर) म्हणतात. त्याला मागाहून जोडता येणाऱ्या पूरक आज्ञावलीस विस्तारक (एक्स्टेन्शन) अशी संज्ञा आहे. वॉशिंग मशीन, विजेचा मीटर, मोटारगाडीचे ब्रेक, रुग्णाला ठरावीक वेगाने औषध देणारा पंप अशा वस्तूंच्या अंतर्भागात बसविलेल्या लहान संगणकास अंतःस्थापित (एंबेडेड) प्रणाली म्हणतात. तिच्यासाठी आज्ञावली लिहिणे, ती यंत्रभाषेत आणणे, चिपमध्ये उतरविणे आणि तेथे चालू असताना तिच्यातील दोष शोधणे ही कामे पूर्वी निरनिराळ्या साधनांनी करावी लागत. ती एकाच ठिकाणाहून करता यावीत यासाठी असे विस्तारक वापरले जातात. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या संपादकाला जोडला जाणारा ‘प्लॅटफॉर्मआयओ’ हा त्यांपैकी एक सुपरिचित विस्तारक असून पुढील विवेचनात प्रामुख्याने त्याचेच उदाहरण घेतले आहे.

अंतःस्थापित आज्ञावलीचे वेगळेपण : सामान्य संगणकाची आज्ञावली ज्या यंत्रावर लिहिली जाते त्याच प्रकारच्या यंत्रावर चालते. अंतःस्थापित आज्ञावलीचे तसे नसते. ती मेजावरील संगणकावर लिहिली जाते, मात्र चालते ती पडदा व कळफलक नसलेल्या सूक्ष्मनियंत्रकावर (मायक्रोकंट्रोलर). अर्डुइनो यूनो या विद्यार्थ्यांच्या परिचयाच्या फलकावरील (बोर्डावरील) एटीमेगा-३२८पी या चिपमध्ये आज्ञावलीसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश स्मृती आणि बदलत्या माहितीसाठी केवळ २ किलोबाइट स्मृती असते. तिचे ठोके सेकंदाला १ कोटी ६० लक्ष इतके पडतात. एवढ्या जागेत संपादक किंवा संकलक (कंपायलर) चालविणे शक्य नसते. त्यामुळे संगणकावर चालणारा पण दुसऱ्याच यंत्राची भाषा निर्माण करणारा संकलक वापरावा लागतो. त्यास परसंकलक (क्रॉस कंपायलर) म्हणतात. त्याच्या जोडीला जोडक (लिंकर), चिपमध्ये आज्ञावली उतरविणारे साधन, दोषशोधक (डीबगर) आणि चिप बनविणाऱ्या कंपनीने पुरविलेले आज्ञावली-संग्रह लागतात. या सर्वांना मिळून साधन-साखळी म्हणतात. साखळीतील प्रत्येक कडीची आवृत्ती दुसरीशी जुळावी लागते. नवशिक्याचे पहिले काही दिवस बहुधा या जुळवाजुळवीतच जातात.

पूर्वपीठिका : सूक्ष्मप्रक्रियकांचा वापर सुरू झाला त्या काळी तयार आज्ञावली पुसता येण्याजोग्या स्मृती-चिपमध्ये (ईप्रॉम) भरली जाई. इंटेल कंपनीने अशी पहिली चिप १९७१ मध्ये प्रचारात आणली. तिच्या पाठीवर क्वॉर्ट्‌झची लहान खिडकी असे. एक चूक दुरुस्त करावयाची म्हणजे चिप उपसून काढणे, जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिव्याखाली काही मिनिटे ठेवून पुसणे, पुन्हा भरणे व पुन्हा बसविणे असा क्रम असे. चूक महाग पडत असल्याने लिहिणारा आधी कागदावर बराच विचार करी, हाही त्याचा एक परिणाम होता. फ्लॅश स्मृती आल्यावर चिप जागच्या जागी पुन्हा लिहिता येऊ लागली आणि हा क्रम काही सेकंदांवर आला.

पुढील काळात चिप बनविणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी व काही स्वतंत्र कंपन्यांनी आपापली एकात्मिक साधने काढली. एका कंपनीची चिप सोडून दुसरीची घेतली, की संपादक, प्रकल्पाची मांडणी व दोषशोधनाच्या खिडक्या हे सारे नव्याने शिकावे लागे. दुसऱ्या बाजूने मुक्त साधनांचा संच तयार होत होता. जीडीबी हा दोषशोधक १९८६ मध्ये व जीसीसी हा संकलक १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. चिपशी संवाद साधणारे ओपनओसीडी हे साधन २००५ च्या सुमारास जर्मनीतील आउग्सबुर्ग येथील एका पदवी-प्रबंधातून निर्माण झाले. याच वर्षी इटलीतील इव्रेआ येथे अर्डुइनोचा आरंभ झाला. अर्डुइनोने ही साखळी एका साध्या संपादकामागे दडवून कलावंत व विद्यार्थी यांना सूक्ष्मनियंत्रक खुला केला, परंतु मोठ्या प्रकल्पांना तो संपादक अपुरा पडे.

मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल स्टुडिओ कोड एप्रिल २०१५ मध्ये जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा मूळ संकेत खुला करून विस्तारकांची सोय दिली. प्लॅटफॉर्मआयओ हा प्रकल्प त्यापूर्वीच, २०१४ मध्ये, इव्हान क्रावेट्‌स यांनी सुरू केला होता. प्रारंभी त्याचा विस्तारक ॲटम या संपादकासाठी होता. ॲटमचा विकास डिसेंबर २०२२ मध्ये थांबविण्यात आला. तोपर्यंत बहुतेक वापर व्हिज्युअल स्टुडिओ कोडकडे वळला होता. एस्प्रेसिफ, नॉर्डिक, एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स, मायक्रोचिप इ. चिप-उत्पादकांनीही स्वतःचा संपादक घडविण्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला याच संपादकासाठी विस्तारक काढले.

रचना : विस्तारक संपादकाच्या मुख्य प्रक्रियेत न चालता ‘विस्तारक-यजमान’ नावाच्या वेगळ्या प्रक्रियेत चालतो. त्यामुळे एखादा विस्तारक अडखळला तरी लिहिणाऱ्याचा कळफलक सहसा अडत नाही. संकेतातील चुका अधोरेखित करणे, एखादे फल (फंक्शन) कोठे लिहिले आहे ते दाखविणे ही भाषाविषयक कामे एक स्वतंत्र आज्ञावली करते आणि ती २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका ठरावीक संकेतशिष्टाचारानुसार (प्रोटोकॉल) संपादकाशी बोलते. दोषशोधकासाठीही असाच एक शिष्टाचार आहे.

प्लॅटफॉर्मआयओचा दर्शनी विस्तारक त्या मानाने लहान असतो. खरे काम पायथन भाषेत लिहिलेला त्याचा गाभा करतो. हा गाभा संपादकाविनाही, केवळ आज्ञा टंकून, चालविता येतो. एखाद्या फलकासाठी प्रथमच आज्ञावली बांधावयास सांगितली म्हणजे तो योग्य संकलक व संग्रह जालावरून उतरवून घेतो आणि वापरकर्त्याच्या निजी विभागातील एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. हे पहिले बांधकाम कित्येक मिनिटे घेऊ शकते व त्यास आंतरजालाची जोडणी लागते. नंतरची बांधकामे सामान्यतः काही सेकंदांत होतात. खिडकीच्या तळपट्टीवर बरोबरची खूण (बांधणे), उजवीकडील बाण (उतरविणे) व प्लग (फलकाचे बोलणे ऐकणे) अशी चिन्हे दिसतात. दैनंदिन वापर एवढ्यावर भागतो.

प्रकल्प-फाइल : या विस्तारकाचे खरे महत्त्व त्या चिन्हांत नसून प्रकल्पाच्या मुळाशी असणाऱ्या एका साध्या मजकूर-फाइलीत (प्लॅटफॉर्मआयओ डॉट आयएनआय) आहे. तीत चिपचे कुल, फलकाचे नाव व चौकट (फ्रेमवर्क) या तीन गोष्टी तीन ओळींत लिहिलेल्या असतात. लागणारे संग्रह त्याखाली येतात. एकच आज्ञावली दोन प्रकारच्या फलकांवर चालवावयाची असल्यास फाइलीत दोन विभाग करतात. ही फाइल मूळ संकेताबरोबर जतन केली, की दुसऱ्या गावातील सहकाऱ्याला किंवा पाच वर्षांनी दुरुस्तीस बसलेल्या अभियंत्याला तीच साखळी पुन्हा उभी करता येते.

मात्र यासाठी आवृत्तीचे अंक लिहावे लागतात. नुसते नाव लिहिले तर नव्या संगणकावर त्या दिवशीची नवी आवृत्ती उतरते; काल बांधली जाणारी आज्ञावली आज बांधली जात नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे बांधली जाते व निराळी वागते. विजेचा मीटर वा औषधाचा पंप यांसारख्या वस्तू दशकभर वापरात राहतात हे लक्षात घेता या चार अंकांकडे दुर्लक्ष करणे परवडण्यासारखे नाही. प्रचलित पाठांतील उदाहरणांत बहुधा ते दिलेले नसतात.

बांधकामाच्या शेवटी स्मृतीचा हिशेब छापला जातो. यूनो फलकावर दिवा उघडझाप करणाऱ्या लहान आज्ञावलीस ३२,२५६ पैकी सु. ९०० बाइट लागतात (उरलेले ५१२ बाइट आज्ञावली उतरवून घेणाऱ्या आरंभकासाठी राखलेले असतात). बदलत्या स्मृतीचा जो आकडा छापला जातो त्याचा मात्र अनेकदा चुकीचा अर्थ लावला जातो. त्यात केवळ आधीपासून ठरलेल्या चलांची जागा मोजलेली असते. फले एकमेकांना बोलावतात तेव्हा लागणारी चळत (स्टॅक) आणि चालू असताना मागून घेतलेली जागा त्यात नसते. म्हणून ‘७० टक्के’ असा आकडा दाखविणारी आज्ञावली प्रत्यक्षात स्मृती संपून कोसळू शकते, आणि तेही तासन्‌तास बिनतक्रार चालल्यानंतर.

उतरविणे : फलक यूएसबी तारेने जोडल्यावर आज्ञावली उतरविता येते. येथे येणाऱ्या अडचणी बहुधा क्षुल्लक पण चिवट असतात. काही तारा फक्त विद्युत्‌पुरवठ्याच्या असतात. त्यांनी दिवा लागतो, पण संगणकाला फलक दिसत नाही. लिनक्समध्ये वापरकर्त्यास पोर्ट वापरण्याची परवानगी द्यावी लागते. दुसऱ्या एखाद्या खिडकीने पोर्ट अडवून ठेवले असेल तर उतरविणे फसते. फलकाकडून निरर्थक चिन्हे येत असतील तर दोन्ही बाजूंचा संदेशवेग जुळत नसल्याचा संशय प्रथम घ्यावा. प्लॅटफॉर्मआयओ वेग न सांगितल्यास तो ९,६०० धरतो, तर अनेक आज्ञावल्यांत तो १,१५,२०० ठेवलेला असतो.

दोषशोधन : चालू चिप हव्या त्या ओळीवर थांबवून तिच्यातील चल व नोंदक (रजिस्टर) पाहता येणे हा विस्तारकाचा सर्वांत मोलाचा उपयोग होय. त्यासाठी चिपमध्ये तशी सोय आणि मध्ये एक शोधयंत्र (डीबग प्रोब) लागते. आर्म कॉर्टेक्स-एम कुलातील चिपमध्ये ही सोय दोन तारांवर उपलब्ध असते. संपादकात विरामबिंदू ठेवला म्हणजे विस्तारक तो जीडीबीला कळवितो. जीडीबी ओपनओसीडीला सांगतो (हे दोघे त्याच संगणकावर सामान्यतः ३३३३ क्रमांकाच्या पोर्टावरून बोलतात). ओपनओसीडी यूएसबीमार्फत शोधयंत्राला आणि शोधयंत्र त्या दोन तारांनी चिपला आज्ञा देते. संपादकातील लाल ठिपक्यामागे एवढी मोठी वाट आहे. तो ठिपका लागू झाला नाही तर वाटेतील कोणता दुवा तुटला हे शोधण्यासाठी दुव्यांची नावे ठाऊक असावी लागतात. कॉर्टेक्स-एम३ मध्ये फ्लॅश स्मृतीतील आज्ञांसाठी साधारणपणे सहाच विरामबिंदू प्रत्यक्ष मंडलात असतात, हेही ध्यानात ठेवावे लागते.

अंतःस्थापित प्रणाली थांबविणे हे सामान्य आज्ञावली थांबविण्याइतके निरुपद्रवी नसते. प्रक्रियक थांबला तरी चिपमधील काळमापक चालूच राहू शकतात. मोटार चालविणाऱ्या मंडलात अशा वेळी नियंत्रण थांबते, पण मोटारीला विद्युत् प्रवाह मिळतच राहतो. प्रवाह मर्यादेत ठेवणारी आज्ञावलीच गोठलेली असल्याने ट्रँझिस्टर जळण्याची शक्यता असते. यासाठी काही चिपमध्ये प्रक्रियकाबरोबर काळमापकही थांबविण्याची सोय असते, पण ती सांगून चालू करावी लागते. आज्ञावली अडकल्यास चिप पुन्हा सुरू करणारे रखवाली-घड्याळही (वॉचडॉग) असेच विरामाच्या मध्यावर चिपला नव्याने सुरू करून अभ्यासकाला चकविते.

आणखी एक प्रकार नेहमी आढळतो. दोषशोधनासाठी आज्ञावली बांधताना संकलक तिच्यात फारशी काटछाट करीत नाही. एरवी मात्र ती लहान व वेगवान व्हावी म्हणून बरीच करतो. एखादा चल व्यत्ययाच्या (इंटरप्ट) फलात बदलत असेल आणि सी भाषेत त्याला ‘व्होलटाइल’ म्हटलेले नसेल, तर मुख्य आज्ञावली त्याची जुनी किंमतच धरून बसते. परिणामी दोष शोधताना सर्व सुरळीत चालते व ग्राहकाकडे पाठविलेली वस्तू अडकून राहते. अशा वेळी विस्तारकाला दोष दिला जातो. तो त्याचा नसतो.

मर्यादा व अवलंबन : फुकट मिळणारे हे साधन अनेक संस्थांच्या परस्परसंबंधांवर उभे आहे. ईएसपी-३२ या चिपसाठीच्या अर्डुइनो चौकटीची तिसरी आवृत्ती मे २०२४ मध्ये आली तेव्हा प्लॅटफॉर्मआयओच्या अधिकृत संचात तिला स्थान मिळाले नाही. स्वयंसेवकांनी ‘पायोअर्डुइनो’ नावाची वेगळी शाखा काढून ती उणीव भरून काढली. प्रकल्प-फाइलीतील एक ओळ बदलून तिचा वापर करता येतो, परंतु ती ओळ कोणती हे अनेकांना खटाटोप करून शोधावे लागले.

परवान्याचा प्रश्नही आहे. व्हिज्युअल स्टुडिओ कोडचा मूळ संकेत एमआयटी परवान्याखाली खुला आहे. मात्र मायक्रोसॉफ्ट जी तयार आवृत्ती वाटते तिचा परवाना वेगळा आहे. सी व सी++ भाषांसाठीचा तिचा विस्तारक केवळ तिच्याच उत्पादनांत वापरण्याची मुभा आहे. मूळ संकेतापासून बनविलेल्या व्हीएससोडियमसारख्या संपादकांना म्हणून क्लँगडी हा पर्याय घ्यावा लागतो. त्यांच्यासाठी विस्तारकांचे वेगळे भांडार एक्लिप्स प्रतिष्ठान चालविते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहता, प्रकल्प-फाइलीत बांधकामाच्या वेळी चालावयाच्या पायथन आज्ञाही नमूद करता येतात. अनोळखी व्यक्तीचा प्रकल्प आणून बांधणे म्हणजे तिने लिहिलेली आज्ञावली स्वतःच्या संगणकावर चालविणे होय. या संपादकात २०२१ पासून नवा फोल्डर उघडताना त्यावर विश्वास आहे किंवा कसे हे विचारले जाते. पुष्कळ जण त्या प्रश्नाला न वाचताच होकार देतात.